घर चाकांवर, वाट वाळवंटाची!

सॅन होजे ते लास व्हेगास. मध्ये सिएरा नेवाडाचे डोंगर, एक खारट तळं, एक आटलेलं तळं आणि डेथ व्हॅली. सोबतीला बेडरूम, किचन, टॉयलेटसकट अख्खं घर! पाच दिवसांच्या एका आरव्ही ट्रिपची ही गोष्ट...

रोड ट्रिप म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांसमोर पहिलं काय येतं? ‘दिल चाहता है’मधले ते तीन मित्र आणि गोव्याचा रस्ता! २००१ साली हा सिनेमा आला आणि एका अख्ख्या पिढीला साक्षात्कार झाला, की आपल्या आयुष्यात काहीतरी मिसिंग आहे. प्रत्यक्षात मात्र आपली रोड ट्रिप म्हणजे शुक्रवारी ऑफिसातून लॅपटॉपच्या बॅगेसकट निघायचं, रात्रीची व्हॉल्वो पकडायची आणि सोमवारी सकाळी त्याच अवतारात डेस्कवर हजर व्हायचं. बरोबर ना?

अमेरिकेत या प्रकाराचं एक वेगळंच व्हर्जन आहे. तिथली माणसं गाडी घेऊन नाही, तर घर घेऊन निघतात. आरव्ही, म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. बाहेरून बघितलं तर पांढरा टेम्पो, आत शिरलं तर वन रूम किचन! गॅसची शेगडी, फ्रीज, शॉवर, टॉयलेट, जेवायचं टेबल (रात्री त्याचाच बेड होतो) आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर आणखी एक बेड. यात तीन प्रकार असतात. क्लास ए म्हणजे थेट बस, क्लास बी म्हणजे व्हॅन आणि या दोघांच्या मधला क्लास सी. आम्ही घेतली होती पंचवीस फुटांची क्लास सी.

आम्ही म्हणजे कोण? कॉलेजातली माझी जिवलग मैत्रीण, तिचा नवरा, सहा वर्षांची लेक, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले तिचे आई-बाबा आणि सुट्टी टाकून मुंबईहून जाऊन धडकलेली मी. बे एरियातल्या कुठल्याही मराठी घरात उन्हाळ्यापासून आई-बाबांचा सीझन असतो. मुलं ऑफिसात, नातवंडं शाळेत आणि आजी-आजोबा अपार्टमेंटच्या खिडकीत. त्यांना कुठे फिरवायचं म्हटलं, तर काकांची बायपास झालेली, काकूंचे गुडघे कुरकुरणारे आणि दोघांनाही दर दोन तासांनी ‘थांबायला’ लागणार. मैत्रीण म्हणाली, ‘‘मग टॉयलेटच बरोबर नेऊ!’’ प्रश्न मिटला.

दीडशे लिटरचं गणित

आरव्ही ताब्यात घेताना तासाभराचा क्लासच होतो. हे जनरेटरचं बटण, हा प्रोपेनचा व्हॉल्व्ह, ही पाण्याची टाकी. आणि हे दोन टँक महत्त्वाचे. ग्रे टँकमध्ये सिंक आणि शॉवरचं पाणी जमतं, ब्लॅक टँकमध्ये... कळलं असेलच. हे टँक डम्प स्टेशनवर जाऊन स्वतःच्या हाताने रिकामे करायचे. जाडजूड पाइप, रबरी हातमोजे, श्वास रोखून धरायचा आणि आधी ब्लॅक, मग ग्रे सोडायचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. इंजिनीअरिंगची डिग्री अमेरिकेत कुठे कामाला येईल सांगता येत नाही! मैत्रिणीच्या नवऱ्याने पाचही दिवस हे खातं तक्रार न करता सांभाळलं.

आमच्या गाडीत स्वच्छ पाणी मावायचं सुमारे दीडशे लिटर. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी ताबडतोब भागाकार केला. ‘‘सहा माणसं, म्हणजे माणशी पंचवीस लिटर. आपल्याकडे शहरात माणशी १३५ लिटरचा हिशोब धरतात, ठाऊक आहे का तुला?’’ मला ठाऊक नव्हतं. काकू मात्र अजिबात घाबरल्या नाहीत. ‘‘एक वेळ पाणी येणाऱ्या वाड्यात संसार केलाय मी,’’ म्हणाल्या, आणि सिंकखाली एक पातेलं ठेवून मोकळ्या झाल्या. भाज्या धुतलेलं पाणी त्यात, त्याच पाण्याने ताटं पहिल्यांदा विसळायची. पाच दिवसांत आमची टाकी एकदाही वाटेत संपली नाही.

हे पाण्याचं गणित पुढे सबंध रस्ताभर आमच्या सोबत येणार होतं. कारण हा जो मार्ग आहे ना, तो डोंगरातल्या बर्फापासून सुरू होतो आणि वाळवंटातल्या कारंज्यांपाशी संपतो. मधल्या प्रत्येक वळणावर एकच भांडण आहे, पाणी कोणाचं?

आठ हजार फुटांवर पोहे

सॅन होजेहून निघालं की पहिले काही तास सपाट शेतं, बदामाच्या बागा. मग १२० नंबरच्या हायवेवर प्रीस्ट ग्रेडचा चढ लागतो. इथे जुना आणि नवा असे दोन रस्ते आहेत. जुना छोटा पण भयंकर खडा, म्हणून मोठ्या गाड्यांनी वळणावळणाचा नवाच घ्यायचा. कपाटातली भांडी खडखडायला लागली तशी काकूंना एसटीतला वरंधा घाट आठवला.

योसेमिटीबद्दल नवीन काय सांगणार? १८६४ साली, सिव्हिल वॉर चालू असताना, अब्राहम लिंकनने ही दरी जनतेसाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. १८९० मध्ये नॅशनल पार्क झालं. बोगद्यातून बाहेर पडल्यावर जो पहिला व्ह्यू दिसतो, तिथे आमच्या गाडीतली सहाही माणसं गप्प झाली. डावीकडे एल कॅपिटनचा जवळजवळ तीन हजार फुटांचा उभा ग्रॅनाइट, लांबवर हाफ डोम. ३ जून २०१७ रोजी ॲलेक्स हॉनल्डने हीच एल कॅपिटनची भिंत दोराशिवाय चढून दाखवली. आणि गंमत म्हणजे हा पठ्ठ्या कित्येक वर्षं व्हॅनमध्येच राहायचा. म्हणजे आमच्याच जातकुळीतला!

रात्री कॅम्पग्राउंडवर पोचलो. इथे अस्वलांचा वावर असतो, त्यामुळे खाण्याचा वास बाहेर जाऊ द्यायचा नाही, दारं-खिडक्या घट्ट बंद. काकूंनी फोडणी द्यायला घेतली आणि लेकीने गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘‘आजी, बेअरला हिंग आवडतं का गं?’’

दुसऱ्या दिवशी खरा घाट. टायोगा पास. कॅलिफोर्नियातली हायवेवरची ही सगळ्यात उंच खिंड, उंची सुमारे ९,९४० फूट. साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत हा रस्ता बर्फामुळे बंदच असतो. आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, म्हणजे अगदी शटर पडायच्या आत. वाटेत ओल्मस्टेड पॉइंटवरून हाफ डोमची पाठ दिसते. मग टेनाया लेक येतं, निळंशार, काठाला गुळगुळीत पांढरे खडक. त्या तळ्याकाठी गाडी लावून काकूंनी कांदेपोहे केले. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे चहा काही मनासारखा झाला नाही. पोहे मात्र सॉलिड! शेजारच्या आरव्हीतल्या जर्मन आजोबांनी दोनदा मागून घेतले.

आणि मग उतार! खिंडीपासून ली व्हायनिंग गावापर्यंत बारा मैलांत तीन हजार फूट खाली. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला नुसती हवा. पंचवीस फुटांचं घर उतरवताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नसतं, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. गिअर खालचा टाकायचा आणि इंजिनालाच गाडी धरू द्यायची. काका मागून प्रत्येक वळणाला ‘‘सावकाश... सावकाश...’’ करत होते. खाली ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती, पण ड्रायव्हरसाहेबांनी ती पाहिली ती डायरेक्ट मोबाइलमधल्या फोटोत.

तळं आटतं तेव्हा

मोनो लेक पहाटेच बघायचं. पाण्यातून वर आलेले पांढरट, खरखरीत, वाकडेतिकडे सुळके, त्यांचं प्रतिबिंब आणि पूर्वेला गुलाबी होणारं आकाश. एकदम दुसऱ्या ग्रहावर आल्यासारखं वाटतं. या सुळक्यांना ‘टूफा’ म्हणतात. तळ्याच्या तळाशी कॅल्शियमवाले झरे आहेत, त्यांचं पाणी तळ्यातल्या कार्बोनेटला भेटलं की चुना साचतो आणि पाण्याखाली खांब तयार होतात.

पाण्याखाली! मग ते बाहेर कसे? इथेच खरी स्टोरी आहे. १९४१ पासून, साडेतीनशे मैलांवरच्या लॉस एंजलिस शहराने या तळ्याला मिळणारे ओढे वळवून नेले. तळ्याची पातळी जवळजवळ ४५ फुटांनी खाली गेली. पाणी समुद्रापेक्षा दुपटीहून जास्त खारट झालं. १९७९ मध्ये पाणी इतकं हटलं, की पक्ष्यांच्या बेटापर्यंत जमिनीची वाट तयार झाली आणि कोल्ह्यासारखे कायोटी सीगलच्या घरट्यांपर्यंत पोचले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, काही तरुण मंडळींनी मोनो लेक कमिटी काढली होती. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने निकाल दिला, की तळं समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांच्या रेषेपर्यंत परत भरू द्यायचं. ती रेषा अजून गाठली गेलेली नाही.

काका बराच वेळ काठावरच्या बोर्डांजवळ उभे होते. जुन्या पातळ्यांची वर्षं तिथे लिहिलेली आहेत. ‘‘धरणाच्या भिंतीवर खुणा करायचो आम्ही,’’ म्हणाले, ‘‘पण शहराला पाणी गेलं म्हणजे कुठून गेलं, ते असं बोर्ड लावून कोणी दाखवलं नाही.’’ मला आपली मुंबई आठवली. १८९२ सालच्या तानसा धरणापासून भातसापर्यंत आपलं पाणी येतं ते शहापूर तालुक्यातून. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे आपण मे महिन्यात पेपरात वाचतो आणि पान उलटतो.

३९५ नंबरचा रस्ता

आता दक्षिणेकडे वळायचं. हायवे ३९५ म्हणजे रोड ट्रिपवाल्यांची पंढरीच! उजव्या हाताला सिएरा नेवाडाची सलग भिंत, डाव्या हाताला तपकिरी डोंगर आणि मधून सरळसोट रस्ता. बिशप गावात एरिक शाट्स बेकरी लागते, तिथला मेंढपाळांचा ब्रेड फेमस आहे. आम्ही दोन लाद्या घेतल्या, त्यातली एक चटणी लावून गाव सुटायच्या आत संपली.

हीच ती ओवेन्स व्हॅली. १९१३ साली लॉस एंजलिसने इथली नदी २३३ मैलांच्या कालव्यात घातली. विल्यम मुल्होलंड नावाच्या इंजिनीअरने तो बांधला, आणि एकही पंप न लावता पाणी निव्वळ उताराने शहरात नेलं. काकांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी कौतुक आणि अस्वस्थता! ‘‘इंजिनीअर म्हणून सलाम करायला हवा या माणसाला,’’ म्हणाले, ‘‘पण या गावात जन्मलो असतो तर मीही दगड उचलला असता.’’ गावकऱ्यांनी दगड नाही, डायनामाइट उचललं होतं. १९२४ आणि १९२७ मध्ये कालवा उडवण्याचे प्रकार झाले. १९७४ चा ‘चायनाटाउन’ सिनेमा याच पाणीकांडावरून सुचलेला आहे.

पुढे रस्त्यालगत मांझनार लागतं. इथे थांबाच. हा स्पॅनिश शब्द, अर्थ सफरचंदाची बाग. खरोखरच इथे फळबागांचं गाव होतं. शहराने पाणी विकत घेतलं, बागा सुकल्या, गाव उठलं. मग १९४२ मध्ये त्याच रिकाम्या जमिनीवर काटेरी तारा आल्या. पर्ल हार्बरनंतर प्रेसिडेंट रूझवेल्टच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या एक लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांमध्ये डांबण्यात आलं. त्यातली ही एक. एके काळी इथे दहा हजारांवर माणसं होती आणि त्यातली बहुसंख्य अमेरिकन नागरिक होती. १९८८ मध्ये सरकारने जाहीर माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले.

पुन्हा बांधलेल्या बराकीत कुटुंबाकुटुंबाच्या खाटा मांडून ठेवल्यात. खोल्या आपल्या आरव्हीपेक्षा फार मोठ्या नाहीत. मैत्रीण एका खाटेजवळ खूप वेळ उभी राहिली. तिची लेक इथे जन्मलेली, पासपोर्ट अमेरिकन. आई-बाबा मात्र बारा वर्षं व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. भारतीयांसाठी ही रांग कित्येक दशकांची आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘‘कागद असूनही काय झालं बघ ना यांचं.’’ पुढचे वीस मैल कुणी गाणं लावलं नाही.

लोन पाइनला मुक्काम. मागे माउंट व्हिटनी, १४,५०५ फूट, अलास्का-हवाई सोडून अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर. पायथ्याशी अलाबामा हिल्स नावाच्या गोलमटोल खडकांच्या टेकड्या आहेत. तुम्ही या आधी पाहिल्या आहेत, फक्त तुम्हाला माहीत नाही! ‘आयर्न मॅन’मधलं अफगाणिस्तान इथलंच. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९३९ च्या ‘गंगा दीन’मध्ये याच खडकांनी आपल्या वायव्य सरहद्दीचं काम केलं होतं. काकांनी हा सिनेमा ऐकलेला, त्यामुळे खडकाशेजारी उभं राहून त्यांचा फोटो ‘हिंदुस्थानात’ म्हणून निघाला.

समुद्रसपाटीच्या खाली

सकाळी १३६ नंबरच्या रस्त्याने निघालो तर उजवीकडे नकाशात मोठ्ठं निळं तळं आणि प्रत्यक्षात पांढरट मैदान. ओवेन्स लेक! १८७० च्या दशकात इथे वाफेच्या बोटी सेरो गोर्डोच्या खाणीतली चांदी वाहून न्यायच्या. नदी कालव्यात गेली आणि १९२६ पर्यंत शंभर चौरस मैलांचं तळं कोरडं पडलं. मग वारा सुटला की खारी धूळ उडायला लागली. एके काळी धुळीच्या प्रदूषणाचा अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा एकटा स्रोत होता. शेवटी ती बसवायला लॉस एंजलिसलाच दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्च करावा लागला, आणि त्यासाठी काही भागावर पाणीही सोडावं लागतं. नेलेल्या पाण्यातलं थोडं परत!

इथून १९० नंबरचा हायवे डेथ व्हॅलीत उतरतो. टाउन पासचा चढ आला की बोर्ड दिसतात, एसी बंद करा, इंजिन तापेल. एसी बंद, खिडक्या उघड्या आणि हेअर ड्रायर तोंडावर धरल्यासारखी हवा. मग खाली उतरताना समोर पसरलेली ती दरी... पांढरी, तपकिरी, गुलाबी, मध्येच वाळूच्या टेकड्या. मोबाइलची रेंज गेली आणि गाडीत अचानक गप्पा सुरू झाल्या!

आकडे ऐकायचे? १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ डिग्री सेल्सिअसची नोंद झाली. तो आजही जगातला अधिकृत विक्रम आहे. आम्ही गेलो तेव्हा पारा दुपारी चाळिशीला टेकला होता, म्हणजे आपल्या नागपूर-अकोल्याचा एप्रिल. बॅडवॉटर बेसिन समुद्रसपाटीच्या २८२ फूट खाली आहे, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात खोल भूभाग. वर कड्यावर ‘सी लेव्हल’ अशी पाटी लावलीय, ती बघायला मान उंच करावी लागते! माउंट व्हिटनीपासून हे ठिकाण सरळ रेषेत शंभर मैलांपेक्षा कमी अंतरावर आहे.

नाव ‘मृत्यूची दरी’ असलं तरी ही काही निर्मनुष्य जागा नाही. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेले वाट चुकले आणि जाताना हे नाव ठेवून गेले. पण टिंबिशा शोशोनी लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहताहेत. २००० साली अमेरिकन काँग्रेसने त्यांना त्यांच्या जमिनीचा काही भाग परत दिला. आणि पाणीही इथे येतं बरं का. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी वादळात एका दिवसात साधारण वर्षभराचा पाऊस पडला. पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं आणि बॅडवॉटरच्या मिठावर चक्क तळं साचलं.

रात्री फर्नेस क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर खुर्च्या टाकून बसलो. इथलं आकाश अधिकृतपणे ‘डार्क स्काय’ आहे. आकाशगंगा इतकी ठळक, की लेकीला तो ढग वाटला. ती झोपल्यावर मैत्रिणीने विषय काढला, जो ती सॅन होजेपासून मनात घेऊन फिरत होती. ‘‘बाबा, आम्ही परत यायचं म्हणतोय. पुण्याला.’’

काकू लगेच डोळे पुसायला लागल्या. काका काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आमच्यासाठी येत असाल तर नको. माझ्या बायपासच्या वेळी तू नव्हतीस, ते तू अजून मनात धरून बसली आहेस. मी नाही. तुम्हाला तिथे राहावंसं वाटत असेल तरच या.’’

‘‘आणि शाळा? नोकरी?’’ नवऱ्याने विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. घरी हाच विषय निघाला असता तर कुणीतरी उठून टीव्ही लावला असता. इथे पंचवीस फुटांच्या घरात जाणार कुठे? त्यामुळे बोलणं पूर्ण झालं, रात्री दीड वाजेपर्यंत. निर्णय नाही झाला, पण यादी झाली. आधी शाळा बघायच्या, मग एकाने रिमोट काम मिळतंय का ते बघायचं आणि काकांनी बाणेर-पाषाणकडे भाड्याचे भाव विचारायचे. मी हे लिहितेय तोवर यादीतली पहिली दोन कामं झालीत.

कारंज्यांच्या शहरात

शेवटचा टप्पा. झब्रिस्की पॉइंटवर सूर्योदय पाहिला, पाह्रम्पमध्ये पेट्रोल भरलं (डेथ व्हॅलीत महाग पडतं) आणि १६० नंबरच्या रस्त्याने डोंगर ओलांडला. शेवटच्या उतारावरून लास व्हेगास दिसतं. चारी बाजूंना वाळवंट आणि मधोमध काचेचे टॉवर.

लास व्हेगास या स्पॅनिश नावाचा अर्थ आहे कुरणं! इथे झरे होते म्हणून वस्ती झाली. १९०५ साली रेल्वेने प्लॉटचा लिलाव केला, १९३१ मध्ये नेवाडाने जुगार कायदेशीर केला आणि त्याच वर्षी जवळच हूवर धरणाचं काम सुरू झालं. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. कसिनो, नकली आयफेल टॉवर, नकली व्हेनिस, त्यात असली पाण्यावरच्या होड्या.

संध्याकाळी बेलाजिओची कारंजी बघताना काकांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच. ‘‘हे पाणी कुठलं?’’ तर ते कोलोरॅडो नदीचं नाही, तिथे पूर्वी असलेल्या गोल्फ कोर्सच्या विहिरीचं आहे. पण शहराचं नव्वद टक्के पाणी कोलोरॅडोचं, लेक मीडमधून येणारं. आणि इथे एक सरप्राइज आहे. उधळपट्टीसाठी बदनाम असलेलं हे शहर पाण्याच्या बाबतीत भलतंच कंजूष आहे! घरातल्या सिंक-शॉवर-टॉयलेटचं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून लेक मीडमध्ये परत सोडलं जातं. हिरवळ काढून टाकणाऱ्याला पैसे मिळतात. २०२१ च्या कायद्याप्रमाणे तर रस्त्याकडेच्या, नुसत्या शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून नदीचं पाणी घालायला बंदी आहे. अर्थात त्यामागे धाकही आहे. जुलै २०२२ मध्ये लेक मीड १९३० च्या दशकात भरल्यानंतरच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आरव्ही परत करून छोटी गाडी घेतली आणि काकांना हूवर धरणावर नेलं. ७२६ फूट उंच भिंत, आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. मागे तळ्याच्या कडेने खडकांवर पांढरा पट्टा, उतरलेल्या पाण्याची खूण. काका कठड्याला टेकून शांतपणे बघत होते. काकूंनी हळूच विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’ ‘‘भिंत उत्तम आहे,’’ काका म्हणाले, ‘‘पाणी कमी आहे.’’

जाणार असाल तर...

कधी : टायोगा पास उघडा हवा आणि डेथ व्हॅली सोसवायला हवी. दोन्ही जमतं ते सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य. निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते पार्कच्या वेबसाइटवर बघा. भर उन्हाळ्यात अनेक कंपन्या आरव्ही डेथ व्हॅलीत न्यायला परवानगीच देत नाहीत.

किती : साधारण ६०० मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास. पाच दिवस कमीत कमी, सात असतील तर मजा.

लायसन्स : कॅलिफोर्नियात पाहुण्यांना आपल्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. कंपन्यांची वयाची अट मात्र वेगळी असते, आधी विचारा.

खर्च : भाड्याशिवाय मैलांचे, जनरेटरच्या तासांचे आणि दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे पैसे वेगळे लागू शकतात. मायलेज लिटरला जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर! चार-सहा जणांत वाटलं आणि स्वयंपाक गाडीतच केला, तर जमतं.

मुक्काम : योसेमिटीची कॅम्पग्राउंड्स काही महिने आधी बुक होतात. वीज-पाण्याचं हुकअप सगळीकडे नसतं, बुक करतानाच बघून घ्या.

लांबी : डेथ व्हॅलीत डान्टेज व्ह्यू आणि आर्टिस्ट्स ड्राइव्ह या रस्त्यांवर पंचवीस फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंदी आहे. गाडी निवडताना हे लक्षात ठेवा.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर : हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर दहा हजार फुटांच्या उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. गोळ्या फ्रीजवाल्या असतील तर फ्रीज रात्री चालू राहतोय ना, हेही बघा.

बरोबर न्या : कागदी नकाशा, पिण्याच्या पाण्याचे जास्तीचे कॅन, रबरी हातमोजे, जाड पोहे आणि हिंग. अस्वलाचं आम्ही निस्तरलं, तुमचं तुम्ही बघा!